पोरगं ऐकत नाही, की त्याला ऐकू येत नाही?



मागील अंकात आपण लहान मुलांच्या डोळ्यांविषयी बोललो. आज कानांविषयी बोलू. तथागतांनी सांगितलेल्या सहा इंद्रियांच्या क्रमातही डोळ्यानंतर कानच येतो. पालीत त्याला 'सोत' म्हणतात.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. 'ऐकणे' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. आवाज कानावर पडणे म्हणजे ऐकणे, आणि सांगितलेले मानणे म्हणजेही ऐकणेच. "आमचं पोरगं ऐकतच नाही," अशी तक्रार दहा घरांपैकी नऊ घरांत असते. आपल्या खान्देशात तर आई चुलीपुढून ओरडते, "का रे, तुले आयकू येस का नही?" हा प्रश्न रागाचा असतो. त्याचे उत्तर कोणी मागत नाही. उत्तर येण्याआधीच पाठीत धपाटा बसलेला असतो. आजच्या लेखात माझे एवढेच म्हणणे आहे की, हा प्रश्न एकदा तरी खरा प्रश्न म्हणून विचारा आणि त्याचे उत्तर शोधा.

माझ्याच घरातील गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या भावाचा कान दर पावसाळ्यात वाहायचा. आजी लसूण घालून कढवलेले तेल कोमट करून त्याच्या कानात सोडायची आणि वरून कापसाचा बोळा लावायची. बोळ्याला वास यायचा म्हणून शाळेत त्याच्याजवळ कोणी बसत नसे. तो मागच्या बाकावर गेला. गुरुजींनी शुद्धलेखन घातले की 'कान'च्या जागी 'पान' आणि 'साप'च्या जागी 'ताप' लिहायचा. गुरुजी म्हणाले, "पोरगा ढ आहे." आम्हीही तेच धरून चाललो. घरी सांगितलेले काम तो अर्धेच करायचा, म्हणून आईचा मार खायचा. पाचवीत शाळा सुटली. पुढे कितीतरी वर्षांनी विहारात आरोग्य शिबिर भरले. तेथे कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिले आणि विचारले, "पडदा फाटलेला आहे. हे किती जुने?" आई काहीच बोलली नाही. घरी येताना वाटेत एवढेच म्हणाली, "आयकस नही म्हनीसन मी त्याले कितलं मारं!"

भाऊ आज मार्केटला हमाली करतो. मोठ्याने बोलतो, मनमोकळा हसतो. पण तो ढ नव्हता. त्याला गुरुजींचा आवाज पोहोचत नव्हता, एवढेच. हे आम्हाला चाळीस रुपयांच्या वहीपेक्षाही कमी खर्चात कळू शकले असते. घरात चार खेळ खेळले असते, तरी कळले असते. तेच खेळ आज सांगते.

कान म्हणजे काय, हे लेकराला कसे सांगाल?

बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसते दार आहे, असे मुलाला सांगा. दारातून आत एक लहानशी बोळ जाते. बोळीच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढा पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. आपल्या हलगीचे कातडे असते ना, तसा. आवाज आला की हा पडदा थरथरतो. पडद्याच्या मागे तीन इवलीशी हाडे साखळीसारखी जोडलेली आहेत. त्यांची नावे मुलांना फार आवडतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोडेस्वार ज्यात पाय ठेवतो ती कडी. हे हाड तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तांदळाच्या कणीएवढे आहे. आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड तेच.

ही हाडे थरथर आणखी आत पोहोचवतात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी आहे आणि तिच्यात पाणी भरलेले आहे. त्या पाण्यात हजारो सूक्ष्म पेशी असून त्यांच्या डोक्यावर केसांसारखे तुरे आहेत. पाणी हलले की तुरे डोलतात आणि शिरेतून मेंदूला निरोप जातो. मग मेंदू ओळखतो, ही आईची हाक, ही कोंबड्याची बांग, ही भुसावळकडे निघालेली गाडी.

या पेशी एका कानात साधारण पंधरा हजार असतात. जन्माला येताना मूल त्या घेऊन येते आणि पुढे आयुष्यभर तेवढ्याच पुरवायच्या असतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. ही गोष्ट मनात पक्की ठेवा. पुढे तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

घरातले खेळ, बिनपैशाचे

पहिला खेळ 'थरथर'. रिकाम्या डब्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट ताणून दोऱ्याने बांधा. तिच्यावर दादरीचे पाच-सहा दाणे ठेवा. जवळच दुसरे ताट धरून त्यावर पळी मारा. डब्याला कोणी हात लावलेला नसतो, तरी दाणे उड्या मारतात. आवाज म्हणजे हवेतून आलेली थरथर, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. मग त्याला स्वतःच्या गळ्यावर बोटे ठेवून "आ" म्हणायला सांगा. थरथर बोटांना कळेल.

दुसरा खेळ पाण्याचा. आपल्याकडे नळ रोज येत नाही. आला की हंडे भरण्याची धांदल उडते. त्या धांदलीतच मुलाला पाठमोरे उभे करा आणि सांगा, "हंडा भरत आला की न बघता मला सांग." रिकाम्या हंड्यात धार पडताना आवाज घोगरा असतो. हंडा भरत जातो तसा तो बारीक आणि चढा होत जातो. याचे कारण सोपे आहे. हंड्यातील हवेची जागा कमी होत जाते आणि थोडी हवा लवकर लवकर थरथरते. बासरीचेही तेच तत्त्व आहे. चार दिवसांत पोर बिनचूक "बस, भरला!" म्हणू लागते. पाणीही सांडत नाही.

तिसरा खेळ जोड्यांचा. आठ रिकाम्या काडेपेट्या घ्या. दोहोंत तूरडाळ, दोहोंत तांदूळ, दोहोंत वाळू आणि दोहोंत हरभरे भरा. मुलाने त्या कानाजवळ हलवून जोड्या लावायच्या. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी हा उत्तम खेळ आहे. त्याच काडेपेट्यांना नंतर लांब दोरा ओवून टेलिफोन करा. दोरा ताणलेला असला तर हळू बोललेलेही पलीकडे पोहोचते, सैल सोडला तर पोहोचत नाही. असे का होते, ते मुलालाच विचारा.

चौथा खेळ दिशेचा. मुलाचे डोळे बांधून मध्ये बसवा. बाकीच्यांनी चार बाजूंना बसून एकेकाने टाळी वाजवायची आणि त्याने बोट दाखवायचे. दोन्ही कान मोकळे असताना तो बहुतेक वेळा बरोबर दाखवतो. मग त्याला एक कान तळहाताने घट्ट दाबायला सांगा. आता तो चुकू लागेल. दोन कान कशासाठी, याचे उत्तर त्याला मिळाले. जो कान आवाजाच्या जवळ असतो तेथे आवाज क्षणाचा लहानसा भाग आधी पोहोचतो आणि थोडा मोठाही लागतो. मेंदू त्यावरून दिशा ठरवतो.

पाचवा खेळ पावसाळ्यातला. वीज चमकली की एक, दोन, तीन असे सेकंद मोजायचे आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचे. आलेल्या आकड्याला तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर कडाडली ते कळते, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. आकाशात कोणी रागावलेले नाही, हेही पोराला आपोआप कळते. हा खेळ मात्र घरात बसून खेळायचा. झाडाखाली किंवा मोकळ्या शेतात नाही.

सहावा खेळ कानगोष्टीचा. दहा-बारा मुले गोल बसवा. पहिल्याच्या कानात एक वाक्य सांगा आणि त्याने ते पुढच्याच्या कानात सांगायचे. शेवटच्या मुलापर्यंत पोहोचेतो वाक्याचे भलतेच काही झालेले असते. सगळे पोट धरून हसतील. हसून झाले की त्यांना सांगा की तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. केवळ ऐकीव आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, स्वतः तपासून पाहा. कालाम सुत्ताचा पहिला धडा पाच वर्षांच्या मुलालाही असा देता येतो.

आणि एक खेळ बाहेरचा. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले होते. त्या आठवणीने दरवर्षी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर माणसे जमतात. तुम्हीही मुलांना घेऊन गेलात तर गर्दीपासून थोडे दूर जा आणि एक मिनिट डोळे मिटून गप्प बसा. मग प्रत्येकाने काय काय ऐकले ते सांगायचे. मोर, वारा, झऱ्याचे पाणी, महामार्गावरचा ट्रक. जळगावकरांनी मेहरूण तलावाकाठी बसावे. ऐकण्यासाठी आधी गप्प बसावे लागते, ही शिकवण मोठ्यांनाही उपयोगी आहे.

खेळताना आईने काय पाहायचे?

आता मुख्य गोष्ट सांगते. मुलासाठी हे खेळ असले तरी आईसाठी ही तपासणी आहे. दिशेच्या खेळात मूल नेहमी एकाच बाजूला चुकते का? काडेपेट्यांत हरभऱ्याची जोडी लावते, पण वाळूची लावूच शकत नाही का? कानगोष्ट त्याच्यापाशी आली की "काय? काय?" करते का? पाठीमागून हाक मारली तर वळत नाही आणि समोरून मारली की लगेच येते का? बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहते का? टीव्हीला अगदी खेटून बसते, आवाज वाढवते का? 'स', 'फ', 'श' अशी बारीक आवाजाची अक्षरे बोलताना गाळते का? यांपैकी दोन-तीन गोष्टी वारंवार दिसल्या तर पोराला मारू नका. त्याचा कान दाखवा.

तान्ह्या बाळाचेही पाहायचे असते. पोटातले बाळ पाचव्या-सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू लागते. जन्मल्यावर आईचा आवाज त्याला ओळखीचा असतो. पहिल्या तीन महिन्यांत भांडे पडले की ते दचकते. चार ते सहा महिन्यांत आवाजाकडे डोळे किंवा मान वळवते. वर्षाच्या आत नावाने हाक मारली की पाहते. वर्षाचे झाले की एखादा शब्द बोलते आणि दोन वर्षांचे झाले की दोन शब्द जोडते.

येथे एक फसगत होते. जन्मतः ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला इतर बाळांसारखेच हुंकार देते. त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. पुढे इतर मुलांचे बोबडे बोल वाढत जातात आणि याचे मात्र मंदावतात. तेव्हाही आजी म्हणते, "त्याचा बापही उशिराच बोलला होता." मग कोणी अंगारा लावतो, कोणी नवस बोलतो, कोणी जीभ जड आहे म्हणून जिभेखालची शीर कापायला सांगतो. यात दोन-तीन वर्षे निघून जातात. मेंदू भाषा शिकतो ती याच वर्षांत. म्हणून डॉक्टरांचा नियम असा आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. बाळ झोपलेले असतानाच कानात लहानशी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी तपासणी आहे. ती दुखत नाही, टोचत नाही. बाळ कमी दिवसांचे असेल, जन्मतः रडले नसेल, काचेच्या पेटीत ठेवले असेल, फार कावीळ झाली असेल किंवा घराण्यात कोणी जन्मतः बहिरे असेल, तर ही तपासणी मागून करून घ्या.

नात्यातील लग्नाचाही विचार करा. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्यात अजून आहे. जवळच्या रक्तात लग्न झाले की जन्मतः बहिरेपणाची शक्यता वाढते. गरोदरपणी आईला रुबेला झाला तरी बाळाच्या कानांवर घाला येतो. गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस झाली आणि आता ही लस नियमित लसीकरणात नऊ महिने पूर्ण झाल्यावर व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत मिळते. ती चुकवू नका.

तेल, काडी आणि चापट

फार जुन्या काळी गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवले गेले की, वेद मुद्दाम ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतावी. लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कान हे ज्ञानाचे दार आहे. माणसाला अज्ञानात ठेवायचे तर आधी ते दार बुजवावे लागते. आज संविधान आपल्या पाठीशी आहे. कोणी आपल्या मुलांच्या कानाला हात लावू शकत नाही. आणि आपणच मायेने, आपल्याच हाताने, त्या कानात तेल ओततो! आजीच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जाते आणि पू वाढतो. कानात तेल नको, लसणाचा रस नको, आईचे दूधही नको.

मळ काढण्यासाठी काडी, पिन, किल्ली घालू नका. रस्त्यावर कान साफ करणाऱ्याच्या हातीही मुलाला देऊ नका. कानाचा मळ हा कानाचा पहारेकरी आहे, तो बहुधा आपोआप बाहेर येतो. मुलाने कानात हरभरा किंवा ज्वारीचा दाणा घातला तर पाणी टाकू नका, दाणा फुगून घट्ट बसतो. तसेच डॉक्टरकडे न्या.

लहान मुलाच्या नाकामागून कानात जाणारी नळी मोठ्यांपेक्षा आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दी झाली की ती चटकन कानात उतरते. बाळाला आडवे निजवून पाजू नका, डोके थोडे वर धरून पाजा. कान वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची वात करून बाहेरचा पू टिपा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा. नदीत, विहिरीत पोहायला पाठवू नका, आणि डॉक्टरांना दाखवा. "वयात आला की थांबेल" म्हणून वाट पाहू नका. कान वाहत असताना चक्कर, ताप, कानामागे सूज किंवा तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि चापट! "कानाखाली आवाज काढीन," असे आपण सहज म्हणून जातो. कानावर उघड्या तळहाताची जोराची चापट बसली तर आतली हवा दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. ऐकत नाही म्हणून मारायचे, आणि मारल्यामुळे आणखी ऐकू यायचे नाही. असे हे दुष्टचक्र आहे. घरात असो वा शाळेत, मुलाच्या कानावर हात उगारू देऊ नका.

यंत्रमाग आणि डीजे

आता कष्टकऱ्यांच्या घरातील दोन गोष्टी. धुळ्यात यंत्रमागावर काम करणारे आपले कितीतरी भाऊ आहेत. तेथे शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. कारखान्यात आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि चालू मागांच्या शेडमध्ये आवाज तिच्याही वर जातो. दहा-पंधरा वर्षांत कामगाराचा कान जड होतो. मग तो घरी टीव्ही मोठा लावतो, मोठ्याने बोलतो आणि पोरेही ओरडून बोलायला शिकतात. अशा भावांनी मालकाकडे कानात घालायच्या बोळ्यांची मागणी केली पाहिजे. तो उपकार नाही, कामगाराचा हक्क आहे. आईने मुलाला डबा द्यायला पाठवले तर त्याने दारातूनच परत फिरावे.

दुसरी गोष्ट बोलायला कठीण आहे, पण आपल्याच पानावर आपणच बोलायचे नाही तर कोणी? चौदा एप्रिलची मिरवणूक. डीजेच्या भिंतीपुढे बाप नाचतो आहे आणि खांद्यावर दोन वर्षांचे लेकरू आहे, निळा फेटा बांधलेले. लेकराने दोन्ही हात कानांवर ठेवले आहेत. हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. सर्वच समाजांच्या मिरवणुकांत ते दिसते, पण आपण आधी आपले पाहू.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ऐंशी डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाच्या कानाला आठवड्यात चाळीस तास चालतो, शंभर डेसिबलचा मात्र आठवड्यात वीस मिनिटेच. मुलांसाठी मर्यादा याहूनही कमी आहे. डीजेच्या अगदी समोर शंभराच्या वर आवाज सहज जातो आणि मिरवणूक तासन्‌तास चालते. कानातील त्या पेशी आठवा. वाऱ्याने ज्वारी लवते आणि पुन्हा उभी राहते. गारपीट झाली की मात्र ती आडवी होते ती कायमची. रात्री कान गुणगुणतो ना, ती गारपीट झाल्याची खूण आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातील मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. पण सवलत कायद्याने मिळते, कानाने नाही.

आपला समाज वाचायला शिकला त्याआधी ऐकून शिकला. भीमराव कर्डकांचे जलसे ऐकायला माणसे कोसावरून चालत यायची. वामनदादा कर्डकांची गाणी अक्षरओळख नसलेल्या आयांनी ऐकून पाठ केली आणि पाळण्याशी म्हटली. त्या गाण्यांतला शब्दन्‌शब्द कळत होता, म्हणून विचार घरात आला. डीजेत शब्द कळतो का? छाती हादरते, विचार पोहोचत नाही. मंडळाच्या तरुणांनो, जयंती जोरात करा, पण लेझीम लावा, हलगी लावा, गायन पार्टी बोलवा. आणि काही झाले तरी लहान मुले आणि गरोदर भगिनी यांना आवाजाच्या भिंतीपासून लांब ठेवा.

दाखवायचे कोठे?

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतात. जन्मतः बहिरेपणा आणि वाहणारा कान या दोन्हींची तपासणी त्यांच्या यादीत आहे. अंगणवाडी ताईंना पथक केव्हा येणार ते विचारा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि स्वतः जाऊन सांगा. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावात २०१८ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. मुंबईला वांद्र्यात १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामासाठीच आहे. गरजूंना श्रवणयंत्र देण्यासाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठीही तिच्यातून मदत मिळू शकते. वयाची अट आहे, म्हणूनच घाई करा. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून ठेवा.

शाळेत जाऊन गुरुजींना सांगा, "माझ्या मुलाला कमी ऐकू येते, त्याला पुढच्या बाकावर बसवा." बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर, वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागले. आपल्या मुलाने कोपऱ्यात का बसावे? त्याची जागा पुढे आहे, ती मागून घ्या.

एखाद्या लेकराला उपचार करूनही ऐकू आले नाही, तर ते कमी ठरत नाही. हातांच्या खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान दिला आहे. असे मूल वस्तीत असेल तर आपल्या मुलांना त्याच्या चार खुणा शिकवा: ये, बस, पाणी, मित्र. त्याला 'बहिऱ्या' म्हणून हाक मारू देऊ नका. नावाने ओळखले जाण्यासाठी आपण किती झगडलो, ते आठवा.

आज संध्याकाळी एवढेच करा. मूल खेळात रमले असताना त्याच्या मागे पाच-सहा पावलांवर उभे राहा आणि हळू आवाजात त्याचे नाव घ्या. वळले तर जवळ घ्या. नाही वळले तर दोन दिवसांनी पुन्हा करून पाहा. तरीही नाही वळले, तर रागावू नका. सकाळी उठून दवाखान्याची वाट धरा. माझ्या आईला ही वाट कोणी दाखवली नव्हती. तुम्हाला ती आता माहीत आहे.

पुढील अंकात नाकाविषयी बोलू. तोपर्यंत, जयभीम!